परस्पर

कोल्हापूर, मंगळवार पेठ
११ जून २०२५

पिराजीच्या बापास,

तुमचं पत्र पोचलं. जरीनाने ते दोनदा वाचून दाखवलं, एकदा मला कळावं म्हणून आणि एकदा तिला हसू आवरेना म्हणून. जरीना म्हणजे आमची शेजारीण. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झाली. मी बोलते, ती लिहिते. माझ्या 'न्हाय'चं ती 'नाही' करते, तेवढी तिची मास्तरकी. बाकी शब्द माझे. शिव्या तिने गाळल्या आहेत असं समजून वाचा.

फोन करू नका, मी उचलणार नाही. फोनवर बोललेलं तुम्ही दुसऱ्या दिवशी 'मी असं म्हणलोच न्हाय' म्हणता. कागदावर बोला.

तर तुम्ही लिहिता, "आता दोघांचंही वय झालं. मनात काही न ठेवता परस्पर संमतीने घटस्फोट घेऊन टाकू." इथवर आल्यावर मी जरीनाला थांबवलं.

"परस्पर?"

"व्हय आक्का, तसंच लिहिलंय."

"म्हणजे माझी संमती बी ह्यांनी परस्परच घेतली?"

जरीना हसून हसून खाटेवर आडवी झाली. पण माझं काय चुकलं ते सांगा की. मला आयुष्यभर परस्परचा एकच अर्थ माहीत. ज्याचं आहे त्याला न विचारता, मागच्या मागं. माझ्या पाटल्या तुम्ही परस्पर मोडल्यात. ओढ्याकाठचं रान परस्पर विकलंत. मी पहिल्या बाळंतपणाला वडणग्याला माहेरी गेले, तर तुम्ही दुसरं लगीन परस्पर उरकलंत. तान्ह्या पिराजीला घेऊन कोडोलीला आले तेव्हा माझ्या चुलीपाशी चिमणाबाई बसली होती, आणि माझ्या तोंडावर दाराला आतून कडी लागली. मग गावात परस्पर सांगत सुटलात, की आक्काशी काडीमोड झाली.

काडीमोड कशी होते ते मला माहीत आहे. दोघं पंचांच्या पुढं उभी राहतात, काडी मोडतात आणि आपापल्या वाटेनं जातात. मी तर वडणग्यात डिंकाचे लाडू खात होते. तुम्ही कुठली काडी मोडलीत? दात कोरायची?

आता वकिलाने सांगितलं असणार, की ती काडी कोर्टात चालत नाही, आणि ती बघितली म्हणणारे पंच सगळे वर गेलेत. म्हणून इतक्या वर्षांनी आक्काची आठवण. व्हय न्हवं?

तुम्ही लिहिता, चिमणाबाईची इच्छा आहे, शेवटी शेवटी तरी तिला कायद्याने बायकोचं नाव मिळावं. बाईमाणसाची इच्छा तुम्हाला कधीपासून ऐकू यायला लागली? कानाचं यंत्र घेतलंत काय?

काल वटपौर्णिमा होती. मी दरवर्षी जाते. वडाला सूत गुंडाळताना बायका विचारतात, "आक्का, असल्या नवऱ्यासाठी उपास धरता?" मी म्हणते, "त्याच्यासाठी कोण धरतंय? सात जन्म ह्यालाच माझ्या हातात दे म्हणून धरते. एका जन्मात माझं समाधान व्हायचं न्हाय." त्यांना वाटतं, म्हातारी चेष्टा करते. तुम्हाला सांगते, चेष्टा नाही.

तेव्हा संमती नाही. ना मागच्या मागं, ना तोंडासमोर. तुमची कायद्याची बायको मी आहे, आणि तुम्ही मरेपर्यंत राहणार. हे नाव मला शोभतं म्हणून नव्हे, तुम्हाला टोचतं म्हणून.

पिराजीची आई
(डाव्या अंगठ्याचा ठसा)

.

कोल्हापूर
३ जुलै २०२५

पिराजीच्या बापास,

तुमच्या नातीने, वर्षाराणीने, मला परस्परचा कोर्टातला अर्थ सांगितला. "आजी, तिथं परस्पर म्हणजे एकमेकांची. दोघांनी दोघांना विचारून." मी म्हटलं, असा चांगला अर्थ कोर्टात जाऊन बसलाय होय, म्हणून बाहेर कुणाला सापडत नाही.

तिला माहीत असायला कारण आहे. गेल्या वर्षी तिचा घटस्फोट तसाच झाला, परस्पर संमतीचा. तुम्हाला कळवला नव्हता. तिच्या लग्नाला अक्षता टाकायला आला नाहीत, मोडल्यावर कशाला बोलवायचं? ती आणि तो पोरगा कोर्टातून बाहेर आले आणि समोरच्या गाड्यावर उभं राहून एकेक चहा प्यायले. जाताना त्याने तिला सांगितलं, गाडीचं मागचं चाक बसलंय, हवा भरून घे. मला पहिल्यांदा कळेनाच, की एवढं बरं बोलता येतंय तर सोडता कशाला. ती म्हणाली, "आजी, सोडलं म्हणून बरं बोलता येतंय."

पेठेतल्या बायका मात्र मयताला यावं तशा डोक्यावरून पदर घेऊन आल्या. "कसं व्हायचं हो पोरीचं?" मी एकेकीच्या हातात पेढा ठेवला. म्हटलं, "तेराव्याला आलायसा, तर गोड खाऊन जावा." पुढच्या आठवड्यात त्यातलीच एक गुपचूप वर्षाराणीकडे वकिलाचा नंबर मागायला आली. नाव सांगत नाही.

तुमचं दुसरं पत्र मोठं तडफदार आहे. 'तू ऐकली नाहीस तर मी कोर्टात केस घालीन, की तू नांदायला आली नाहीस.' घाला की. जज्जसाहेब विचारतील, "बाई, का गेला नाहीत नांदायला?" मी सांगेन, "गेले होते साहेब. कडी आतून होती. पोराला पदराखाली घेऊन दुपारपर्यंत उभी होते. ह्यांनी खिडकीतून बघितलं आणि खिडकी पण लावली." मग तुम्ही सांगा, खिडकी का लावली ते. ऊन लागत होतं?

मला नांदवलं ते म्हशींनी. वडणग्याच्या भावाने एक दिली, तिच्या चार झाल्या. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी नेऊन रोज गिऱ्हाइकापुढं धार काढून दिली, त्यावर पिराजी शिकला. म्हैस पण लाथ मारते हो. पण ती आधी कान मागं करते, माणसाला सरकायला वेळ देते. तुमच्यापेक्षा मला तिची रीत आवडली.

लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण दारात पाहुणी आली आहे. जरीना म्हणते, ओळखीची नाही. इथंच थांबते.

पिराजीची आई
(डावा अंगठा)

.

कोल्हापूर
२४ जुलै २०२५

पिराजीच्या बापास साष्टांग नमस्कार.

दचकू नका. मी विचार केला. तुमचं बरोबर आहे. वय झालं, मनात काही ठेवू नये. वर्षाराणी म्हणते, नव्या जगात लोक हसून सुटतात, मग आपणच का दात-ओठ खायचे?

येत्या बुधवारी सकाळी दहाला कसबा बावड्याच्या कोर्टात या. वकील पुढच्या खेपेला आणा. आधी आपण दोघांनी आमोरासमोर बोलायचं, मग कागद. मला परक्या माणसापुढं लाज वाटते.

चिमणाबाईला आणू नका. कोर्टात दुसरी बायको घेऊन जाणं म्हणजे चोरलेली म्हैस दावणीला घेऊन फौजदाराकडे जाणं, असं वर्षाराणी म्हणते. (जरीना लिहायला लावते, की वर्षाराणी असं म्हणाली नाही, मी म्हणते.) तिला घरीच राहू द्या. सांगा, संध्याकाळी पेढे घेऊन येतो.

येताना फेटा बांधून या. लग्नात बांधला होता तसा, गुलाबी. मी पण लुगडं काढून ठेवलं आहे. मला उशीर झाला तर थांबा. म्हाताऱ्या बाईला बसमध्ये लवकर जागा मिळत नाही. पण मी आल्याशिवाय जाऊ नका. पुन्हा माझं मन होईल न होईल.

तुमची
आक्का
(डावा अंगठा)

.

कोल्हापूर
३ ऑगस्ट २०२५

पिराजीच्या बापास,

कसं वाटलं कोर्ट?

वर्षाराणी दुपारी तिकडून जाऊन आली. म्हणाली, "आजी, आजोबा बाकड्यावर बसलेत, गुलाबी फेटा बांधून. शिपायाला विचारत होते, आक्का आली का? शिपाई म्हणतो, कोण आक्का? तर म्हणाले, माझी बायको." ऐकून माझं जेवण झालं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला चारचौघांत बायको म्हणालात, ते पण कोर्टाच्या शिपायापुढं, आणि मी ऐकायला तिथं नव्हते.

आता मागच्याच्या मागच्या पत्रातली पाहुणी कोण ते सांगते.

मी पत्र सांगत बसले होते आणि दारात एक म्हातारी. हातात मिटलेली छत्री, डोक्यावर भुरभुर पाऊस. जरीनाला ओळख पटेना. मला कशी पटणार नाही? एकदाच बघितलं होतं ते तोंड, पण दारातून, हातभर अंतरावरून बघितलं होतं.

मी म्हटलं, "काय गं चिमणे, आत घेऊ का कडी लावू?"

मान खाली घालून म्हणाली, "लावा. तुमचा हक्कच हाय."

मी कडी लावली नाही, पण आतही घेतलं नाही. म्हटलं, उभी राहू दे. मी उभी होते, आता तू उभी राहा. ती राहिली. छत्री हातात होती, तीही उघडली नाही. शेवटी जरीना कागदातून मान वर न काढता म्हणाली, "आक्का, तुमचा सूड चालू दे, पर तिला भोवळ आली तर उचलायची कुणी? माझे गुडघे गेलेत."

तशी आत घेतली.

"काय पायजे?"

"तुम्ही अंगठा देऊ नका."

मला वाटलं, मला कमी ऐकू यायला लागलं. "तुला बायकू व्हायचंय न्हवं कायद्याची? लिहिलंय की त्यांनी. तुझी इच्छा हाय म्हणं."

"मी कवा म्हटलं? मला संयोगीकडं जायचंय, कागलला. पोरगी किती वरसं बोलवतीया. ह्यांनी एक रात्र राहू दिलं न्हाय. औंदा मी म्हटलं, आता जाणार, कायमची. तर म्हणाले, थांब, तुझं नाव लावतो. कायद्याची झालीस की बघतो कशी जातीस. भावकीला बी सांगून ठेवलंय. कायद्याची बायको नवरा सोडून गेली तर भावकी काय म्हणंल?"

"मग न्हाय म्हण की तोंडावर."

वर बघितलं तिनं तेव्हा. म्हणाली, "तुमास्नी म्हणता आलं व्हतं?"

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. मग ती बाई जे बोलली ते लिहून ठेवण्यासारखं आहे. "आक्का, तुमचा अंगठा न्हाय तवर मी त्यांची कुणीच न्हाय. लोकांनी आजवर तेच तोंडावर मारलं, कुणाची तू कोण? पर कुणी न्हाय म्हणूनच मला जाता येतंय. आता तेवढं घालवू नका."

बघा म्हणजे. मी तुम्हाला टोचायला धरून ठेवलेलं नाव. मला काय माहीत, त्याच्या आडोशाला ती उभी आहे.

मग आम्ही जेवलो. पांढरा रस्सा होता. पहिला घास घेतला आणि चिमणी रडायलाच लागली. मला वाटलं, तिखट लागला. तर म्हणते, "रोज पहिला घास ताटाखाली काढून ठेवतात. म्हणतात, आक्काच्या हाताची चव न्हाय."

मी म्हटलं, "अगं, माझ्या वेळेला म्हणायचे, आईच्या हाताची चव न्हाय."

ती म्हणाली, "आणि सासूबाईंच्या वेळेला?"

"तवा पाळण्यात रडत असतील, दुधाला चव न्हाय म्हणून."

आम्ही तिघी एवढ्या हसलो, की शेजारचा उजैर बघायला आला, काय झालं म्हणून.

तुम्ही बुधवारी कोर्टात माझी वाट बघत होता तेव्हा संयोगिता गाडी घेऊन कोडोलीत आली होती. तिच्या आईचं सामान ते किती? एक ट्रंक, दोन पिशव्या, तुळशीची कुंडी. निघताना चिमणीने दाराला बाहेरून कडी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली शेजारी दिली. तुमच्यासाठी. माणूस उपाशी मरायला नको, म्हणाली. माझ्यापेक्षा मऊ आहे ती.

तुम्ही पोलिसात गेलात हे पण कळलं. कोडोलीचं दूध कोल्हापुरात येतं, त्याबरोबर कोडोलीच्या बातम्या पण येतात. हवालदाराने विचारलं म्हणे, "बेपत्ता बाई तुमची कोण?" तुम्ही म्हणालात, बायको. तो म्हणाला, लग्नाचं सांगा. पहिली बायको कधी वारली? तुम्ही म्हणालात, ती हाय. मग तो तुमच्याकडे नुसता बघत बसला, आणि तुम्ही उठून आलात. खरं ना?

एक ध्यानात ठेवा. चिमणीला मी माफ केलेलं नाही. त्या दिवशी कडी लावणारे हात तिचे होते आणि लाव म्हणणारं तोंड तुमचं. तिच्यावर दया आली म्हणून मी हे केलं असं गावात सांगत फिरू नका. तुमचं घर रिकामं करायचं होतं. ती निघाल्याशिवाय ते होत नव्हतं.

पिराजीची आई
(डावा अंगठा)

.

कोल्हापूर
६ ऑक्टोबर २०२५

कृष्णात,

जरीनाचा हात थांबला. "आक्का, नाव?" मी म्हटलं, लिही, पुढं 'तू' पण लिही. नवऱ्याला अहो म्हणतात, आणि त्या जागेवरून मी आता उतरते आहे.

दसऱ्याच्या आधी तुझं पत्र आलं. किती गोड. 'झालं गेलं विसर. घर तुझंच आहे. कायद्याने तू माझी बायको आहेस, आणि बायकोची जागा नवऱ्याच्या घरी. ये.' जून महिन्यात तुला तोच कायदा नको होता. आता तुला तो पाहिजे, कारण चुलीपाशी कुणी नाही. हॉटेलातून डबा आणतोस असं ऐकते. अजून पहिला घास ताटाखाली काढून ठेवतोस का? आता कुणाच्या हाताची चव नाही म्हणतोस?

पत्र ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्षाराणीबरोबर वकीलबाईंकडे गेले. पोरवयाच्या आहेत, पण बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "आजी, काय काम?" मी म्हटलं, "घटस्फोट पायजे." त्यांनी वर्षाराणीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बोट केलं. "मला न्हाय, हिला."

मग नवऱ्याचं नाव विचारलं. मी आजवर कधी घेतलं नव्हतं. हळदीकुंकवाला उखाण्याची वेळ आली, की म्हशीला वैरण घालायची राहिली म्हणून उठून यायची. त्या दिवशी घेतलं. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून परत घेतलं. तिसऱ्यांदा उगीचच घेतलं. तोंडाला काहीच लागलं नाही रे. ना कडू, ना गोड. एवढ्या वर्षांत मला वाटायचं, जीभ भाजेल.

कारण विचारलं, ते सांगितलं. बाळंतीण टाकली, दुसरी केली. त्या लिहीत होत्या आणि मी सांगत होते, पाटल्या, रान, कडी, खिडकी. त्यांनी मध्येच समजावलं, "आजी, तुमचे मालक तयार असतील तर परस्पर संमतीने लवकर मोकळं होता येईल. भांडून केलंत तर तारखांवर तारखा पडतील. वर्षं जातील."

मी विचारलं, "तारखेला त्याला यावं लागतंय?"

"यायला पाहिजे."

"पुकारा होतोय? नाव घेऊन?"

"होतो."

"मग भांडूनच करा. मला घाई न्हाय."

पिराजी घरी येऊन ओरडला. "आई, या वयात? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक म्हणतील, उशीर झाला. तो तुझ्यासारखा दिसतो, पण तुझ्यासारखा नाही. थोड्या वेळाने परत आला आणि विचारलं, "तारखेला मी सोडू गाडीवर?" म्हटलं, सोड.

पेठेतल्या बायका यावेळी पण आल्या. पण डोक्यावर पदर नव्हता. खुर्च्या ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, आधीपासून सांगा." चिमणीचा पण कागलहून फोन आला. हसत होती. मागून संयोगिताच्या पोरांचा दंगा ऐकू येत होता. म्हणाली, "आक्का, साक्षीला बोलवा, मी सांगते कडी कुणी लावली ते." मी म्हटलं, ये. माफ केलं नाही, पण साक्षीला ये.

तू घटस्फोट मागत होतास तेव्हा तुला बायको दिली. आता बायको मागतोस, तर घटस्फोट घे. मला आयुष्यात एवढंच पाहिजे होतं, तुला नको असेल ते तुझ्या हातात ठेवायचं.

कोर्टाची नोटीस निघाली आहे. बेलीफ घेऊन येईल. सही करून घे. आतून दार लावून बसलास, घरात कुणी न्हाय म्हणून ओरडलास, तर ती नोटीस दारावर चिकटवतात, असं वकीलबाई म्हणाल्या. माझी काही हरकत नाही. मला वाचता येत नाही, कोडोलीला येतं.